शिकवायची जागा

२०२३ सालची गोष्ट. मोशीच्या नानासाहेबांनी तोवर जमिनीच्या व्यवहारांत केस पांढरे केले होते आणि त्यांच्या लेकीनं, योगिनीनं, पदार्थविज्ञानात.

जर्मनीत, मग कोरियात तात्पुरत्या नेमणुका करून ती परतली होती. पुण्यातल्या एका संस्थेत मुलाखत दिली, पण उत्तर येईना. शेवटी "बास झालं, आई," म्हणत एके दिवशी ती चाकणच्या एका कंपनीत नोकरीच्या सह्या करायला गेली. आईच्या, छबूबाईंच्या जिवाला ते फार लागलं.

लेक नक्की काय करते, ते त्यांना एकदाच कळलं होतं. योगिनी म्हणाली होती, "चाकणच्या चौकात गाड्या कशा एकमेकींना अडवतात? काही पदार्थांत इलेक्ट्रॉन तसेच अडकून बसतात. ते कधी सुटतील, हे मी गणितानं शोधते."

त्याच दुपारी घरचा फोन वाजला. नानासाहेबांनी उचलला.

"योगिनी मॅडमचं घर ना? त्यांचा मोबाइल लागत नाही. पर्मनंट जागा आहे. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाहीतर पुढच्याला जाईल."

"आमाला जागाच जागा हाय! दे पुढच्याला!" नानासाहेबांनी फोन आपटला.

"कोन हुतं?" छबूबाईंनी विचारलं.

"एजंट. म्हनं योगिनीला पर्मनंट जागा देतो."

छबूबाईंच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. "अवं, जमीन कधी टेंपरवारी असती का?"

नानासाहेबांचा चेहरा उतरला. छबूबाईंनी त्याच नंबरवर फोन लावला.

"साहेब, ती जागा बांधायची, का शिकवायची?"

"शिकवायची, मावशी!" पलीकडून संस्थेचे श्रीपादराव हसले.

"मग घेतली! मघाचं इसरा. आमचं मालक जमिनीत असत्यात."

"पण होकार मॅडमचाच लागेल. ईमेलवर."

आणि मॅडमचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा! नानासाहेबांनी गाडी काढली. चाकणच्या चौकात ट्रकला ट्रक भिडलेले. नानासाहेब हॉर्नवर हात ठेवून बसले.

"हॉर्न कुनाला वाजवताय? पोरीला इचारा, हे असं सुटत न्हाई," असं म्हणत छबूबाई उतरल्या, पदर खोचला आणि कंपनीच्या बसेसमधून वाट काढत थेट गेटवर पोचल्या.

"मावशी, मॅडम आत सह्या करतायत," गेटवरचा नवनाथ म्हणाला.

"आत फोन लाव. इतकंच सांग, जागा मिळाली."

"अरे वा! कितीला बसली?"

"आधी सांग रं बाबा!"

थोड्याच वेळात योगिनी गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला आणि हातात पेन घेऊन धावत आली. "आई, खरंच?"

"सही केलीस का?"

"नुसतं 'यो' लिहिलंय!"

"राहू दे तेवढंच. आन ते पेन परत दे त्यांचं."

नवनाथच्या केबिनमधूनच ईमेल गेला. धापा टाकत पोचलेल्या नानासाहेबांनी गेटवरच्या सगळ्यांना पेढे वाटले, कंपनीच्या साहेबालासुद्धा.

योगिनी आज त्याच संस्थेत शिकवते. तिचे इलेक्ट्रॉन अजून पुरते सुटलेले नाहीत, पण तिच्याकडे आता चार विद्यार्थी आहेत. नवनाथ गावी जाऊन स्वतःचं दुकान चालवतो. श्रीपादराव निवृत्त झाले आणि मोशीत त्यांनी नानासाहेबांकडूनच जागा घेतली, बांधायची. नानासाहेब आता कुठलाही फोन आला की आधी विचारतात, "कसली जागा?" आणि छबूबाई चौकात अडकल्या, तर रिक्षावाल्याला इलेक्ट्रॉन समजावून सांगतात.