प्यारीबाईंचं मॅचिंग

"भाभी, ह्यो लाल न्हाई. कथ्थई हाय." महाळुंग्याच्या गोजरबाईंनी कालच नेलेला ब्लाउजपीस काउंटरवर ठेवला.

"लालच आहे," प्यारीबाई म्हणाल्या. "साडीचा रंग उतरला असेल. धुतली का?"

"लेकीच्या लग्नाची साडी, भाभी. घडीबी मोडली न्हाई अजून."

प्यारीबाईंनी नुसतं बघितलं. गोजरबाई वरमल्या आणि पीस उचलून निघून गेल्या. वर्षभरात प्यारीबाईंचे डोळे मोठे होत खोबणीबाहेर आल्यासारखे दिसत होते. मंचरच्या बाजारपेठेत 'शेठाणी डोळे वटारते' असं बोललं जाई. खरं तर त्यांना डोळे वटारता आले असते, तर कांतीलालशेठांचा संसार एवढा निवांत झालाच नसता.

दुकान शेठांचं, पण गिऱ्हाईक यायचं ते प्यारीबाईंसाठी. साडी एकदा बघायची, मागे वळायचं आणि पन्नास ठाणांतून नेमकं ठाण ओढायचं, ही त्यांची पद्धत. दारात नेऊन उन्हात रंग ताडणं त्यांना कमीपणाचं वाटे. बावीस वर्षांत एक पीस परत आला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी एकेक डोळा झाकून लाल ठाणं बघितली. डाव्या डोळ्याला सगळी मळकी दिसली, उजव्याला थोडी बरी. पण बोलल्या कुणालाच नाहीत. दुकानातली ट्यूब बदलून घेतली, ठाणांचा क्रम पाठ केला. वरून तिसरं राणी, चौथं डाळिंबी. असे महिने काढले. शेवटी डोळ्यांची सूज बघून शेठच त्यांना पुण्याला घेऊन गेले.

"रंग फिके कधीपासून दिसतात?" पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

शेठ बायकोकडे बघतच राहिले. आता जून चालू होता.

"गळ्यातल्या थायरॉइडचा हा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यात डोळ्यामागचे स्नायू सुजलेत आणि नजरेची नस दाबली गेलीय. आधी यायला हवं होतं."

इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं. डोळे बरेच आत गेले. डावी नजर मात्र गेली ती गेलीच. उजव्या डोळ्याला माणसं कळत, रंग कळत नसत.

शेठ नको म्हणत असतानाही श्रावणात त्या काउंटरवर येऊन बसल्या. दुसऱ्याच दिवशी गोजरबाई आल्या.

"भाभी, ही दुसरी साडी. हिच्यावर कुठंच जुळंना. लई फिरले."

आवाज ऐकून प्यारीबाई उठून उभ्या राहिल्या. "गोजरबाई, तुमच्या साडीचा रंग उतरला नव्हता. मलाच दिसत नव्हतं. मला त्याच संध्याकाळी कळलं, तरी मी निरोप पाठवला नाही."

गोजरबाईंनी हातातली साडी काउंटरवर ठेवली.

"मग लग्नात लेकीनं काय घातलं?" प्यारीबाईंनी विचारलं.

"त्योच. दुसरा शिवायला येळ कुठं व्हता?"

"कुणी बोललं?"

"बोलले की."

डोळे गेल्याचं प्यारीबाईंनी सोसलं होतं, हे सोसवेना. त्यांनी नव्या साडीचा रंग विचारून घेतला आणि हातानं मोजत दोन ठाणं काढली. "आज तुम्हीच बघा. दारात न्या, उन्हात धरा."

गोजरबाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी एक ठाण पुढं सरकवलं. "ह्यो जुळतो."

"कसा आहे?"

गोजरबाईंनी विचार केला. "जांभळं खाल्ल्यावर पोरांची जीभ व्हते ना, तसा."

प्यारीबाईंनी मान हलवली. रंग त्यांना नेमका कळला. त्यांनी कापडाची कड बोटांनी चाचपली, मीटरपट्टी लावली, कात्रीनं एक चीर दिली आणि एका झटक्यात पीस सरळ फाडला.