दोन बोटांची फट

कापड काढलं तेव्हा मला आधी वाटलं, हा माझा रणगाडा नाही.

आमच्या रेजिमेंटच्या मेसमध्ये, मधल्या टेबलावर तो ठेवला होता. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, वाळूच्या रंगाचा, जेमतेम वीतभर. थोड्या वेळात जनरलसाहेब येणार होते. छावणीत नवीन संग्रहालय होतंय, त्यासाठी जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती हव्या आहेत आणि हा माझा नमुना होता. पसंत पडला तर सगळं काम माझ्याकडे, माझ्या नावाने. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी पुण्याच्या प्रयोगशाळेत होते. मग नवऱ्याच्या दर बदलीला माझी एक नोकरी सुटत गेली. खोक्यात भरून बरोबर नेता येईल असं हे एकच काम उरलं होतं.

आता त्याच्या प्रत्येक जोडावर काळी रेघ होती. जाड, सारखी, चकचकीत. लहान मुलाने चित्राला बाहेरून पेन फिरवावं तशी.

"हे कुणी केलं?" मी कौस्तुभला विचारलं. कौस्तुभ माझा नवरा, मेजर आहे.

"मीच. काल तू मावशींना सोडायला दुर्गापुरा स्टेशनला गेलीस ना, तेव्हा. आमचे टूआयसी घरी आले होते, म्हणाले लांबून लाइनी दिसत नाहीत. म्हटलं, जरा उठाव देऊ." टूआयसी म्हणजे रेजिमेंटमधले दुसऱ्या क्रमांकाचे साहेब.

"कशाने?"

"मार्करने. परमनंट आहे, काळजी करू नकोस. पुसला जाणार नाही."

हे तो मला दिलासा म्हणून सांगत होता.

जोडांमधल्या माझ्या मूळच्या बारीक रेषा कशा होतात ते त्याने पाहिलेलं आहे. आधी रंग, त्यावर चमकदार वार्निशचा थर. मग तपकिरीत थोडा करडा मिसळून टर्पेंटाइनमध्ये चहापेक्षा पातळ करायचा आणि बारीक ब्रशचं टोक जोडाला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप खाचेतून धावत जातो. जास्तीचा टिपून घ्यायचा, शेवटी सगळी चमक मारायची. काळा कधीच वापरायचा नाही, कारण सावली काळी नसते, ती त्याच रंगाची गडद बहीण असते. जयपूरच्या हवेत टर्पेंटाइन टिपायच्या आत उडून जातं आणि कूलर लावला तर वार्निशवर धूळ बसते. म्हणून मी हे सगळं बाथरूमचं दार लावून, घामाने निथळत केलं होतं. तो बाहेरून विचारायचा, "अजून किती वेळ?"

रेषा लांबून दिसत नाहीत, कारण त्या दिसायच्याच नसतात. पाहणाऱ्याला फक्त वाटलं पाहिजे की हा पत्रा जड आहे.

पण या लोकांना हे कसं सांगायचं? कुणी मोठा साहेब येणार म्हटलं की छावणीतल्या झाडांना गेरू आणि चुना, दगडांना गेरू आणि चुना, फुटपाथच्या कडेला गेरू आणि चुना. जे आहे त्याला कड काढली की ते नीटनेटकं झालं. माझ्या रणगाड्यालाही त्याने तेच केलं होतं.

मी वाकून पाहिलं आणि माझे कान तापले. त्याने वेल्डिंगवरसुद्धा रेघ ओढली होती.

"कौस्तुभ, ही फट नाहीये. हे वेल्डिंग आहे. तू रोज अशाच गाड्यांवर चढतोस."

"अगं, कोण एवढं बघणारे? हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. हा इथून उचल."

"आता? वेडी आहेस का? साहेब गेटवर आलेत."

कमांडिंग ऑफिसरच्या, म्हणजे सीओंच्या, पत्नी गिरिजा मॅडम, शेजारी उभ्या होत्या. कोल्हापूरच्या. "छान झालाय गं अमिता," त्या म्हणाल्या. "परवा कसा मळकट वाटत होता. आता कसा ठसठशीत दिसतोय."

जनरलसाहेब आले. उंच, शांत माणूस. त्यांनी रणगाडा सगळ्या बाजूंनी पाहिला. "बहुत बढ़िया, मैडम. लाइनें एकदम साफ हैं. सब मॉडेल ऐसे ही चाहिए."

कौस्तुभ हसला. माझी मान तेवढी हलायची राहिली होती. हो म्हटलं असतं, तर पुढचं वर्षभर मी रणगाड्यांना गेरू फासत बसले असते.

"सर, ये लाइनें मेरी नहीं हैं," मी म्हणाले. रेघ एक मिलिमीटर जाड, त्याच्या पस्तीस पट, हे मी मनात मराठीत मोजलं आणि हिंदीत सांगितलं, "इस हिसाब से असली टैंक में साढ़े तीन सेंटीमीटर का गैप होगा. दो उँगलियाँ अंदर चली जाएँगी. और ये वाली तो वेल्डिंग है, यहाँ गैप होता ही नहीं."

ते पुन्हा वाकले. या वेळी चष्मा लावून.

"तो फिर ये यहाँ क्यों रखा है?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे पाहून नाही, सगळ्यांकडे पाहून.

सीओंनी त्यांना चहाकडे नेलं. गिरिजा मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं बाई, अशा वेळी थँक्यू म्हणायचं असतं."

मी रणगाडा उचलला आणि घरी आले.

मार्करची शाई ज्यात विरघळते, त्यातच माझा रंगही विरघळतो. वाचवण्यासारखं काही नव्हतं. मी तो स्पिरिटच्या डब्यात बुडवला. वाळूचा रंग ढगासारखा सुटू लागला. कौस्तुभ आला तेव्हा खालचं हिरवं प्लास्टिक दिसायला लागलं होतं.

"सगळ्यांसमोर उघडं पाडलंस मला."

"तुझं नाव घेतलं नाही मी."

"घ्यायची गरजच नव्हती. टूआयसी आत्तापासून मला 'पिकासो' म्हणतायत." तो बूट काढत खुर्चीत बसला. मग त्याचा आवाज बदलला. "बरं, ऐक. चांगली बातमी आहे. जाताना साहेबांनी विचारलं, मॅडम दुसरा करून दाखवतील का, महिन्याभरात. मी हो म्हणून टाकलं."

मी हातमोजे काढले.

"कुणी हो म्हटलं?"

"मी. अगं, तुझ्याच भल्यासाठी. तू नाही म्हणणार होतीस का?"

आधी मला विचारावं हे त्याला खरोखर सुचलंच नव्हतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं आणि सकाळपासूनच्या सगळ्यापेक्षा त्याचाच जास्त राग आला. मी फोन घेतला आणि त्याच्या समोरच रेजिमेंटचं ऑफिस सांभाळणाऱ्या अ‍ॅडज्युटंटला लावला. नवीन मॉडेल करीन, म्हटलं. महिन्यात नाही, दोन महिन्यांत. ते थेट माझ्याकडून काचेच्या कपाटात जाईल आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील. यापुढे या कामाबद्दल जे विचारायचं ते मला विचारायचं, माझ्या नंबरवर.

पलीकडचा पोरगा गडबडला. "जी मैडम. मतलब... कौस्तुभ सर को भी बता दूँ?"

"नको," मी म्हणाले. मग हिंदीत, सावकाश: "वो सामने बैठे हैं. सुन रहे हैं."