लगतची मालकीण

नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा शिवणबाईंच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्या तशाच धरून त्यांनी पत्र वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

कागद दोनदा वाचायची सवय त्यांना अठरा वर्षांपूर्वी लागली. नवरा जाऊन पंधरा दिवस झाले होते. धाकटा दीर कागद घेऊन आला. "वहिनी, विजेच्या बिलावरचं नाव बदलायचंय. इथे सही करा," म्हणाला. जाऊ दाराशी उभी होती. तिला कागदात काय आहे ते ठाऊक होतं, पण ती चकार शब्द बोलली नाही. बाईंनी रडून सुजलेल्या डोळ्यांनी सही केली आणि घरावरचा हक्क सोडून दिला. त्यांच्या वाट्याला उरलं घराच्या कोपऱ्याला चिकटलेलं शिवणाचं दुकान, तेही दिराला नको होतं म्हणून. सात वर्षांची लेक पदरात घेऊन त्या दुकानाच्या माळ्यावर राहायला गेल्या.

दिराने मागच्या अंगणात फरश्यांचं गोदाम बांधलं. घराच्या आणि दुकानाच्या कडेने पूर्वी एक नाला वाहायचा. नगरपालिकेने त्यात पाइप घालून वर माती लोटली होती. त्या पट्ट्यावरून दिराचे ट्रक गोदामात जात. कुणाला न विचारता त्याने तिथे खडी टाकली आणि 'आमचा रस्ता' म्हणायला लागला. ट्रक गेला की बाईंचं मशीन थरथरायचं, टीप वाकडी जायची.

आता पत्रात लिहिलं होतं की तो पट्टा सार्वजनिक कामासाठी लागत नाही, म्हणून विकायचा आहे. अरुंद असल्यामुळे तो फक्त लगतच्या मालकांनाच मिळेल. तीस दिवसांत बंद लिफाफ्यात किंमत कळवावी.

दुसऱ्या दिवशी बाई मालमत्ता विभागात गेल्या. कारकून चष्मा कपाळावर चढवून नकाशा पाहत होता.

"लगतचे मालक कोण कोण?" बाईंनी विचारलं.

"पलीकडे कालवा. म्हणजे तुम्ही आणि ते फरशीवाले. दोघंच."

"त्यांना पत्र गेलं?"

"गेलं. पोचपावतीवर सही आहे त्यांची. त्यांनी किंमत भरली नाही आणि तुमची ठरलेल्या किमतीच्या वर असली, तर जागा तुमची. पण बाई, त्यावर बांधकाम करता येणार नाही. खाली पाइप आहे. कशाला गळ्यात घेता?"

"कुंपण घालता येईल?"

"कुंपण घाला की. फक्त पाइपच्या झाकणापर्यंत आमच्या माणसांना जाऊ द्यायचं."

बाईंनी हे सगळं त्याच्याकडून लिहून घेतलं.

पुढचा महिना त्यांना अन्न गोड लागलं नाही. दीर रोज दुकानावरून जायचा आणि रोज त्यांना वाटायचं, आज वाचलं असेल याने. एकदा तो स्वतःच थांबला.

"वहिनी, ते नगरपालिकेचं काही आलंय का तुम्हाला?"

"आलंय. काय आहे ते?"

"काही नसतं हो. हे लोक नुसते कागदी घोडे नाचवतात. मी न उघडताच टाकून दिलं. तुम्हीही टाका."

"बरं झालं सांगितलंत, भाऊजी," बाई म्हणाल्या. त्याच्या कोटाचं बटण लोंबत होतं. त्यांनी तिथल्या तिथे ते शिवून दिलं आणि दात लावून दोरा तोडला.

भरतकामाचं मशीन विकून त्यांनी पैसे उभे केले. ठरलेल्या दिवशी पेटी उघडली तेव्हा आत एकच लिफाफा निघाला.

कागदपत्रं हातात आली त्या आठवड्यात गवंडी आणि लोहार आले. लोखंडी खांब, जाड जाळी आणि झाकणापाशी जाण्यासाठी एक माणूस मावेल एवढं फाटक, त्याला कुलूप. सकाळी नऊला पहिला ट्रक आला आणि हॉर्न वाजवत उभा राहिला. दीर बनियनवरच धावत आला.

"हे काय चालवलंय, वहिनी?"

"कुंपण घालतेय. माझ्या जागेला."

"डोकं फिरलंय का तुमचं? माझा माल कुठून जाणार?"

"ते तुम्ही बघा, भाऊजी."

तो तसाच नगरपालिकेत गेला. कारकुनाने त्याच्यासमोर त्याचीच सही ठेवली. वकिलानेही कागद चाळून मान हलवली. मग त्याने दुप्पट किंमत देऊ केली, पुढे चौपट. बाई प्रत्येक वेळी मशीनचं चाक फिरवत राहिल्या. शेवटी त्याने जावेला पाठवलं.

"ताई, निदान पायवाटेपुरतं तरी सोडा," जाऊ म्हणाली. "मला गोदामात जायला पलीकडच्या बोळातून सगळ्या घराला वळसा पडतो. गुडघे दुखतात माझे."

"तेव्हा दाराशी उभी होतीस," बाई म्हणाल्या. "उभं राहायची सवय आहे तुला."

जाऊ गेली. संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आता पुरे. पैसे घे, आपण चांगलं घर बघू."

"तुला हवं तर तू बघ," बाई म्हणाल्या.

दोन महिने गोदाम उपाशी राहिलं. गिऱ्हाइकं तुटली. मग दिरापुढे एकच वाट उरली: रस्त्याकडची खोली पाडून घरातूनच ट्रक न्यायचा. ती खोली बाईंची होती, संसार मांडला तेव्हाची. बाईंना हे सुचलं नव्हतं. मजूर घण घेऊन आले तेव्हा त्यांच्या हातातली कात्री क्षणभर अडली.

भिंत पडायला लागली. आतला निळा रंग उघड्यावर आला. तो त्यांनी आणि नवऱ्याने मिळून दिला होता. दीर धुळीत उभा राहून स्वतःचंच घर फुटताना पाहत होता. दोन महिन्यांतच म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

लेक शटर ओढायला उठली. "नको बघूस, आई."

"राहू दे उघडं," बाई म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची दाराशी सरकवली आणि शेवटची वीट पडेपर्यंत पाहिलं. डोळे भरून आले, पण ते त्यांनी पुसले नाहीत आणि नजरही वळवली नाही. आनंद त्यांना झाला होता. अठरा वर्षं वाटत आलं होतं तेवढाच झाला होता, त्याहून काडीभरही कमी नाही.