गट नंबर एकशे बाराचा ओघळ

कुंभारीच्या अलीकडची पाच एकर जमीन रत्नम्माच्या नावावर होती, म्हणून भरावाच्या परवानगीला सही तिचीच लागत होती. तिच्या लेकानं, शिवपुत्रानं, मुरमाचे दोन टिपर आधीच आणून उभे केले होते. रान सपाट करायचं, प्लॉट पाडायचे आणि मधल्या मोठ्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधायचं, असं त्याच्या मनात होतं.

पाहणीला आलेल्या अंकिता इंजिनिअरनं नकाशा उलगडला. "ओढा तर दिसत नाही. पण आजी, या गटातून पावसाचं पाणी वाहत नाही, असं तुम्ही लिहून द्यायचं. वाहत असेल तर तेवढी पट्टी सोडून नाला बांधावा लागतो. तिथं भराव चालत नाही."

"मॅडम, हितं प्यायला पाणी न्हाय, व्हायला कुटलं?" शिवपुत्र हसला. "अव्वा, कर की सही."

लेक खोटं बोलत नव्हता. हे रब्बी ज्वारीचं रान. पावसाळाभर पडीक राहायचं. माणसं पेरायला यायची तोवर पाणी सरलेलं असायचं आणि वखरानं त्याची खूणही पुसलेली असायची. पण नवी नवरी असताना रत्नम्मा श्रावणात इथं शेळ्या वळायची. तेव्हा रानाच्या मधून गुडघाभर गढूळ पाणी तिरकं धावायचं.

पुढं सासऱ्यांनी बांध घालून तो ओघळ बुजवला. तिसऱ्या वर्षी बांध फुटला. खालच्या वस्तीत भीमा गवंडी भरदुपारी भाकरी खात बसला होता. लोंढ्यानं त्याच्या घराची भिंत त्याच्यावरच बसली आणि तो गेला. पंचनाम्याला तलाठ्यानं विचारलं, "पाणी आलं कुठून?"

"आभाळातून," सासरे म्हणाले. रत्नम्मा दाराआड तोंडात पदर धरून उभी होती.

आता त्या उतारावर कामगारांची शेकडो घरं होती. अंगणात वाळत घातलेले कपडे इथूनही दिसत होते.

तिनं पेन परत दिलं. "न्हाय करत सही. पाणी जातंय हितनं."

"अव्वा, येड लागलं का तुला?"

ती ढेकळांतून चालू लागली. चालता चालता भीमाचं सगळं सांगत गेली, अगदी सासऱ्यांच्या उत्तरासकट. अंकिता तिच्या पावलांमागं चुन्याची फक्की टाकत होती. पांढरी रेघ मधल्या मोठ्या प्लॉटच्या पोटातून गेली.

शिवपुत्र ती रेघ बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"कुणी इचारलं न्हाय," असं ओठांवर आलं होतं. पण तलाठ्यानं सगळ्यांदेखत विचारलं होतं की.

"भ्याले, बाबा."

त्यानं मान खाली घातली. टिपरवाल्यानं हॉर्न दिला, "कुटं वतू, मालक?"

"वतू नको," शिवपुत्र म्हणाला. "घेऊन जा माघारी."