गेलं वर्ष आणि पुलावरचा पहारेकरी

काही प्रश्नांचा निवाडा इतिहासावरच सोपवावा लागतो. गेलं वर्ष रोल-प्लेइंग गेम्ससाठी भक्कम होतं की नाही, हा त्यातलाच एक. पण इतिहासाला सवड नव्हती आणि औषधवाल्याचं दुकान रविवारी बंद असे. त्यामुळे हे ओझं त्याच्यावर आणि त्याच्या मेहुण्यावर येऊन पडलं.

सहा दिवस काउंटरमागे उभं राहून औषधवाल्याचे पाय भरून येत. सातव्या दिवशी ते स्टुलावर ठेवून तो टीव्हीवरच्या खेळातल्या परक्या राज्यात ढाल-तलवार घेऊन वणवण करी. सोबतीला मेहुणा. एकट्याने पुढे जायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं. वर्षभरात दोघांनी खेळलेला खेळ हा एकच, आणि त्यातही ते एका पुलापाशी अडकले होते. पहारेकरी हलू देत नव्हता.

औषधवाल्याची बायको, म्हणजे मेहुण्याची बहीण, वारल्यावर मेहुण्याने या घरी यायचं तसं काही कारण उरलं नव्हतं. पुलापाशी अडकलोय, एवढंच होतं.

"वर्ष फुसकं गेलं, भाऊजी," मेहुणा सोफ्यावर अंग टाकत म्हणाला. "यंदा हा नाद सोडावा म्हणतो."

औषधवाल्याने स्टुलावरचे पाय खाली घेतले. "फुसकं कसं? चांगलं भक्कम होतं."

"कसलं भक्कम! शापाने जग बुडायला आलंय आणि गावातली म्हातारी म्हणते, माझी शेळी शोधून द्या."

"सापडली ना शेळी?"

"सापडली."

"मग? माझ्या दुकानात आठवड्यात तेवढंही मार्गी लागत नाही."

"अहो, पण शेवट बघा की! एवढी रक्ताची आंघोळ करून कळतं काय, तर तो शाप राजानेच मागून घेतलेला!"

राजा पुलापलीकडे, किल्ल्यात होता. पूल तर अजून ओलांडायचा होता.

'तुला रे कसं कळलं?' औषधवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या राजाला त्याने स्वतःच मागच्या महिन्यात, घर खायला उठलेल्या एका संध्याकाळी, एकट्याने गाठलं होतं. डोळेही पुसले होते. आता विचारलं, तर दोघांचीही झाकली मूठ उघडणार. मग रविवारी यायचं कशाला?

"कुठे वाचलंस वाटतं," तो म्हणाला.

"हो, वाचलंच," मेहुणा घाईने म्हणाला. मग जरा निरखून, "तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"या वयात कशाचं वाटायचं?"

मेहुणा बराच वेळ हातातला कंट्रोलर उलटासुलटा करत बसला. "तसं अगदीच टाकाऊ नव्हतं म्हणा वर्ष," तो शेवटी म्हणाला.

"मग? पूल?"

"पूल."

राजापर्यंत पोचलेले दोन वीर त्या दुपारी पुलावर अगदी मन लावून मेले. मेहुणा ढाल धरायची विसरला. औषधवाल्याने पहारेकऱ्याकडे पाठ केली. पहारेकऱ्यालाही कंटाळा आला असावा.

"पुढच्या रविवारी बघू याच्याकडे," बूट चढवत मेहुणा म्हणाला.

तो गेल्यावर औषधवाल्याने डिस्क डबीत ठेवली. दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने ही डबी आजवर उलटी करून पाहिली नव्हती. आज पाहिली.

खेळ गेल्या वर्षीचा नव्हताच. त्याच्या आदल्या वर्षीचा होता.