बेलघाट्याचा रस्ता तुटत नाही

बेलघाटा हे गाव वाईट नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. त्रेसष्ट घरं, वैनगंगेच्या काठची कसदार जमीन, खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, वरच्या अंगाला थोडा कापूस नि सोयाबीन, आणि पाठीमागे जंगल. माणसं कष्टाची. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय उठू देत नाहीत, मग घरात साखर नसली तरी शेजारून आणतात.

गावात खोट एकच, आणि तीही गावाची नाही, नदीची. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात शेळीचे खूरही भिजत नाहीत. पण श्रावणात वैनगंगा फुगली की तिचं पाणी त्या नाल्यात उलटं शिरतं, नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, बुडतो आणि गाव जगापासून तुटतं. कधी चार दिवस, कधी आठ. गेल्या साली अकरा.

आता अशा गावात मुलगी कोण देणार? तिशी उलटलेले चौदा पोरगे गावात नुसते फिरत होते. त्यावर गावाने तोड काढली. ठराव झाला नाही, कुणी शपथ घातली नाही, पण शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना एक उत्तर पाठ झालं. बाहेरच्याने विचारलं की म्हणायचं, "तुटत नाई जी. पाणी येते नि दोन घंट्यात उतरते." झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलीकडचेही काही दुधखुळे नव्हते. तिकडची रीत अशी की मुलाच्या घरच्यांचं ऐकायचंच नाही. गावात जी सून सगळ्यांत शेवटी आली असेल, तिच्या घरी पाणी प्यायला जायचं आणि तिला विचारायचं. नवी सून अजून अर्धी माहेरची असते, ती खोटं बोलणार नाही असा समज. बेलघाट्याला हे ठाऊक होतं. म्हणून तिथे नव्या सुनेला चूल कुठे ते नंतर दाखवत, हे उत्तर आधी शिकवत.

शकुबाईने आपल्या सुनेला, नूतनला, ते असंच शिकवलं होतं. शकुबाईचा मुलगा गोपाल सूरजागडच्या खाणीकडे ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. त्याचं लग्न दोन वर्षांमागे कसंबसं जमलं. मार्कंड्याच्या जत्रेत कुणी तरी नूतनच्या बापाशी गाठ घालून दिली. मुलगी आईवेगळी होती. घरी बाप नि धाकटा भाऊ, विचारपूस करायला बाईमाणूस नाही. बाप एकटाच आला. शकुबाईच्या अंगणात बाजेवर बसला, आणि रीतीप्रमाणे, शकुबाईने तिथेच बोलावून घेतलेल्या तेव्हाच्या नव्या सुनेच्या, म्हणजे इतवारीच्या बायकोच्या, मयुरीच्या हातचं पाणी प्यायला. मयुरीने खाली मान घालून उत्तर दिलं. शेजारच्या सोमारीने वरून मुलाच्या गळ्याची आण घेतली. लग्न झालं.

गेल्या श्रावणात गाव तुटलं तेव्हा सातव्या दिवशी मयुरीला कळा सुरू झाल्या. बाजेवर घालून तिला नाल्यापर्यंत नेलं. पलीकडे दवाखान्याची गाडी उभी होती, दिसत होती, ड्रायव्हर हात हलवत होता. मासे धरणाऱ्या ढिवराने आपला डोंगा पाण्यात घातला आणि परत ओढून घेतला, कारण त्या धारेत तो टिकला नसता. नूतन मयुरीचे पाय चोळत बसली होती. दुपारी ताडपत्रीखाली मयुरी गेली, पोटातल्या बाळासकट. पाणी उतरल्यावर बाहेरून लोक भेटायला आले, तेव्हा गावाने सांगितलं, कावीळ होती. शकुबाईनेही तेच सांगितलं. सांगताना तिला आपली जीभ जड वाटली होती, पण ती जीभ थांबली नाही हेही खरंच.

आणि आता वैशाख होता, नूतनला सहावा महिना सरत आला होता. गावात दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशाताईने बोटं मोजून दाखवली, श्रावणाचा शेवटचा आठवडा. आईवेगळ्या मुलीला माहेरी तरी कुणाच्या भरवशावर पाठवायची? त्या दिवसापासून शकुबाईला जेवण गोड लागेना.

तशात तालुक्याच्या कचेरीतून सरिताबाई आल्या, हातात फाइल, डोक्यावर ओढणी, स्कूटी रपट्यावर चिखल नसतानाही जपून चालवणाऱ्या. गावाची सगळी माहिती लिहायची होती: घरं किती, विहिरी किती, म्हातारे किती, आणि शेवटच्या पानावर, पावसाळ्यात रस्ता तुटतो का, किती दिवस. तुटणाऱ्या गावांची यादी होणार होती. यादीतल्या गावाला होडी मिळते, ती हाकणारी दोन माणसं मिळतात, तीन महिन्यांचं धान्य आधी येतं, आणि दिवस भरत आलेल्या बायांना पंधरा दिवस आधी नेऊन तालुक्याच्या दवाखान्यामागच्या खोल्यांत ठेवतात. यादीत नसलेल्या गावाला एवढंच सांगतात की कळा सुरू झाल्या की या.

पण यादी पेपरात छापून येते. सगळा जिल्हा वाचतो. म्हणून बेलघाट्याने शाळेच्या पटांगणात सरिताबाईंना एका सुरात सांगितलं, तुटत नाई जी.

त्या संध्याकाळी शकुबाई शेणाची पाटी घेऊन उगाच नाल्याकडे गेली आणि जाणाऱ्या सरिताबाईंना तिने अडवलं. पदराआडून, कुणी पाहत नाही असं बघून सगळं सांगितलं. सरिताबाईंनी स्कूटी बंद केली, ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं खरं असंल," त्या म्हणाल्या, "पण साऱ्या गावानं नाई म्हटलं. आता तुमच्या एकटीच्या सांगण्यावर मी कशी लिहू? चार लोकांत सांगा. तुमच्या संग अजून चार सह्या पायजेत. उद्या दुपारपर्यंत मी गावात हाये, मंग फाइल जाते."

चार लोकांत. शकुबाई रात्रभर कुशी बदलत राहिली. सकाळी तिने ठरवलं, चार घरं फिरून आधी माणसं तयार करू. तेवढ्यात कुंपणावरून सोमारीने हाक मारली. सोमारी आज नवं लुगडं नेसली होती.

"शकुबाई, आज बिरजूले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. तुया घरी पाणी प्याले येतीन. नूतनले सांगून ठेवजो."

बिरजू सोमारीचा मुलगा, चौतिशीचा. चौदांतला थोरला. आतापर्यंत त्याला पाच जागांनी नाकारलं होतं. या बाईने तिच्या गोपालसाठी पोटच्या पोराच्या गळ्याची आण घेतली होती. तो हाच पोरगा.

"सांगतो," शकुबाई म्हणाली.

तिने मनात हिशेब केला की पाहुणे सकाळी येतील, पाणी पिऊन जातील, मग ती सरिताबाईंना गाठेल. पण पाहुणे कधी वेळेवर आलेत? ऊन डोक्यावर आलं तेव्हा आले: मुलीचा बाप रामाजी आणि मुलीची आत्या, बारीक डोळ्यांची, बोलायच्या आधी घराचं छप्पर पाहून घेणारी बाई. सोमारी आणि तिचा नवरा चैतू त्यांना घेऊन अंगणात आले. आणि बाज टाकून सगळे टेकतात न टेकतात तोच कुंपणातून सरिताबाई आत आल्या. गरोदर बाईची वेगळी नोंद करायची राहिली होती, म्हणाल्या, तेवढी करते आणि निघते. त्या चटईवर बसल्या, मांडीवर फाइल उघडली. मागून शेजारपाजारचे पाच-सहा जण पाहुणे बघायला म्हणून कुंपणाशी उभे राहिले. त्यांत इतवारीही होता. बायको गेल्यापासून तो कुठेही असाच कडेला उभा असायचा.

नूतन लोटा घेऊन बाहेर आली. आत्याने पाणी घेतलं, पण प्यायली नाही.

"कितवा, पोरी?"

"सहावा सरून राह्यला."

"मंग पावसाळ्यातच येते तुयं. आमी येतानी नाला पाह्यला. रस्ता तुटत असंल ना तवा?"

नूतनने सासूकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात काही विनवणी नव्हती, नुसतं विचारणं होतं, जसं मीठ किती घालू म्हणून सून विचारते. शकुबाईने नजर खाली घातली.

"तुटत नाई जी," नूतन म्हणाली. "पाणी येते नि दोन घंट्यात उतरते."

एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. शिकवणीत कुठे कसर नव्हती. सोमारीने सुटकेचा श्वास टाकला. सरिताबाईंनी पेन थांबवून नूतनकडे, मग शकुबाईकडे पाहिलं. कालचं त्यांना आठवत असणारच.

"तुमी सोता सांगून राह्यल्या," त्या नूतनला म्हणाल्या, "मंग मी तसंच लिहितो." आणि त्यांनी लिहिलं. फाइलची दोरी बांधायला घेतली.

याच अंगणात, याच जागी उभं राहून मयुरीनेही असंच सांगितलं होतं, आणि तेव्हा शकुबाईला बरं वाटलं होतं. आज तिला स्वतःची किळस आली. आपण या पोरीला जेवूखाऊ घातलं, डोहाळे पुरवले, आणि तिच्याच तोंडून तिचं मरण वदवून घेतलं.

"खोटं हाये ते," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मग तिने परत म्हटलं, जरा मोठ्याने. "खोटं बोलून राह्यली ते. मीनं शिकवलं तिले. अकरा दिवस तुटला होता रस्ता. लिवा, बाई, अकरा."

"शकुबाई," सोमारी हळूच म्हणाली, "उन्हानं डोकं फिरलं का तुयं?"

"इतवारीची बायको कावीळनं नाई मेली. नाल्यावर मेली. गाडी तिकडं उभी होती नि हे इकडं मेली. तुमी सारे होते तिथी."

आत्याने लोटा तसाच भरलेला बाजेखाली ठेवला. रामाजी उठला, त्याने चैतूला हात जोडले. "भाऊ, तुमी मानसं बेस हा. पोरगाबी बेस हाये. पण पोरीचा बाप हाओ मी." एवढं बोलून तो आणि त्याची बहीण निघून गेले. चैतू त्यांना पोचवायलाही गेला नाही.

सोमारी रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर शकुबाईला सोपं गेलं असतं.

"तुया पोराचं झालं," ती म्हणाली. "गरज सरो नि वैद मरो. मीनं बिरजूची आण घेतली होती, शकुबाई." आणि ती आपल्या घरात गेली. मागून दार लावल्याचा आवाज आला. त्या गावात दिवसा दार कुणी लावत नाही.

सरिताबाईंनी लिहिलेलं खोडलं. "अजून चार सह्या," त्या म्हणाल्या.

इतवारी कुंपण ओलांडून आला. त्याला सही येत होती, पण त्याने पेन उचललं, परत ठेवलं आणि अंगठाच उठवला. मग ढिवर आला. मग आशाताईची सासू. चौथं कुणी येईना. लोक एकमेकांकडे बघत, मग बांध्यांकडे बघत. प्रत्येकाच्या घरात एक बिरजू होता. शेवटी चैतूच उठला, ज्याची सोयरीक आत्ता मोडली होती तो.

"आना इकडं," तो म्हणाला. "आता काय झाकाचं राह्यलं? आता पेपरात आलं काय नि नाई आलं काय." त्याने सही केली आणि कुणाकडे न पाहता शेताकडे गेला. त्याने हे चांगुलपणाने केलं असं कुणी म्हणू नये. पण सही झाली, आणि बेलघाट्याचं नाव यादीत गेलं.

सरिताबाई गेल्या, माणसं पांगली. शकुबाई उंबऱ्याशी टेकली. मनात कुठे तरी एक आस होती. ही पोरगी आता वाचली. आपण सगळ्या गावाशी वैर घेतलं ते हिच्यासाठी. ही आता एखादा शब्द बोलेल.

नूतन लोटे गोळा करत होती. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाई, माहे बाबाबी याच बाजीवर बसले होते ना?"

"हो."

"तवा काऊन नाई बोलल्या?"

शकुबाईजवळ सांगायला पुष्कळ होतं. पोरगा तिशीचा झाला होता, घरात दिवा लावणारं कुणी नव्हतं, सारं गावच तसं बोलायचं. पण त्या दुपारी तिची खोटं बोलायची ताकदच सरली होती.

"तवा तू दुसऱ्याची पोरगी होती," ती म्हणाली.

पाहुणीने न प्यालेलं पाणी नूतनने तुळशीत ओतलं, लोटा विसळला.

"मयुरीताईबी दुसऱ्याचीच होती मंग," ती म्हणाली, आणि घागर घेऊन विहिरीकडे गेली.