ताईची रिकामी जागा

मी खोडरबर बोलतोय. माझ्या मालकिणीची झोप सध्या एका काळजीनं उडालीय: आपलं एका बाईवर प्रेम आहे, हे पोटच्या पोरीला सांगायचं कसं? आणि आपल्या आधी दुसऱ्याच कुणी सांगितलं तर? पडल्या पडल्या ती वाक्यं जुळवते. सकाळी तीच तिला औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारखी वाटतात. ही बाई स्वतःची सगळी गोष्ट चित्रांतून सांगणारं आख्खं पुस्तक काढतेय, पण पहिलीतल्या मुलीसमोर तिची दातखीळ बसते.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. साबणाच्या वडीएवढा होतो, पांढराशुभ्र. मला घरात आणलं ते मालकिणीच्या ताईनं. धाकटीनं शाळेत असताना एक चित्र काढलं होतं: सायकलवर दोन मुली, मागचीचा गाल पुढचीच्या पाठीला टेकलेला. ताईनं ते बघितलं, मला तिच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "मागची पूस. तिथं मुलगा काढ. आणि कुठं बोलायचं नाही. असलं काही झालेलंच नाही."

मी पुसली. रबराला नाही म्हणता येत नाही. पण ती मुलगी माझा पहिला घास, आणि तो मला अजून पचलेला नाही.

पुढं धाकटीचं लग्न झालं. मी खणात पडलो, कडक झालो, पिवळा पडलो. तिच्या संसाराचंही तसंच काहीसं झालं असावं. नवरा वाईट नव्हता. दोघं न भांडता वेगळे झाले, लेक हिच्याकडे राहिली. मग दातांची एक डॉक्टर घरी येऊ लागली. आधी चहाला, मग जेवायला, मग नुसतीच. आणि एक दिवस खण उघडला. मालकिणीनं मला खडबडीत कागदावर घासून वरची साल काढली. आतून मी अजून मऊ होतो. राग मात्र तसाच होता.

तिच्या कामाची रीत अशी: आधी सगळं पेन्सिलीनं, मग वरून शाई, शाई वाळली की मी फिरायचं. पेन्सिल जाते, शाई राहते. पण हिला धीर कुठला! वाळायच्या आत मला फिरवायची, शाई पानभर फरफटायची. "झालं! मला एवढंही जमत नाही," म्हणत रडायची, आणि रडता रडताच पुढचं पान घ्यायची. पानागणिक तिचे खांदे सैल होत गेले. सायकलवरची मागची मुलगी तिनं पुन्हा काढली, चांगल्या जाड शाईत. मला म्हणाली, "आता पूस बघू!"

ताईही पानोपानी होती. कमरेवर हात, चढलेल्या भुवया, हुबेहूब. पण शाई मिळाली ती फक्त तिच्या बोलण्याच्या फुग्यांना. "तुला कुणाला तरी दाखवायला हवं." "लग्न झालं की जाईल हे खूळ." शब्द न् शब्द तिचाच. अंगाला मात्र शाईचा थेंब नाही. मग मला उचललं. काय सांगू, इतकं चवीनं मी जन्मात काही खाल्लं नव्हतं! हात खाल्ले, भुवया खाल्ल्या. उरली पांढरी जागा, आणि तिच्यातून निघणारे फुगे.

ताईला कुणकुण लागलीच. आली ती सरळ टेबलापाशी.

"बघू, मला किती बदनाम केलंयस." तिनं भराभरा पानं उलटली. "मी कुठाय?"

"असलं काही झालेलंच नाही ना, ताई? मग तू तरी तिथं कशी असशील?"

ताई लालबुंद झाली. मी पोटभर बघून घेतलं.

"फार शहाणी झालीस! थांब, तुझ्या लेकीलाच सांगते तिची आई काय आहे ते."

लेक खाली फरशीवर बसून चित्र रंगवत होती. मालकिणीनं मला मुठीत असं आवळलं की माझा एक कोपरा तुटला. मग तिनं लेकीला मांडीवर ओढलं. जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही.

"पिल्लू, आपली दातांची डॉक्टर आहे ना, तिच्यावर माझं प्रेम आहे. म्हणजे... लग्न करतात तसलं. मला आधीपासून मुलीच आवडायच्या. मी घाबरून बोलले नाही."

पोर बोटांवरचा रंग फ्रॉकला पुसू लागली. तिचं पुसून होतंय तोवर मी एवढंच सांगतो. मी आता सुपारीएवढा उरलोय. मला एखाद्या मुलाच्या हातात देऊन त्याचं माणूस पुसायला लावू नका. आम्ही डूख धरून राहतो.

"बरं," लेक म्हणाली. "पण घरी आली की तिनं माझे दात नाही बघायचे." मग तिनं पानावरच्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"मावशी, अशीच उभी राहा, हलू नकोस. इथं मी तुला काढते. मला ओरडणारी माणसं मस्त जमतात."